फाइलमधले दोन आकडे

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू यजमानांची फाइल घेऊन आल्या. "बाई, आमच्या यायनं दारूले कधी हात नाई लावला, तरी डॉक्टर सिरॉसिस म्हणते. आता म्हणते, अकोल्याले जाऊन घशात दुर्बीण घाला. दुखनं लिव्हरचं, अन् दुर्बीण घशात?"

प्रश्न रास्त आहे. (दारूचं म्हणाल तर हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह-लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर हीही सिरॉसिसची कारणं. पण गल्लीत आधी दारूचंच नाव निघतं आणि मान खाली जाते ती बाईची!) लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून पुढे सरकत नाही. पाट तुंबला की पाणी बांधावरून वाट काढतं, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं. त्या फुगतात. फुटल्या की रक्ताची उलटी, आणि त्यानंतर सहा आठवड्यांत शंभरातले पंधरा-वीस रोगी दगावतात. म्हणून आधी बघायचं. शिरा मोठ्या असतील तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलची गोळी, नाहीतर दुर्बिणीतूनच रबरी बँड बांधतात.

पण धारणी-दर्यापूरकडून अकोला-अमरावतीला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. २०२३ पासून एस.टी.त आपलं तिकीट अर्धं, यजमानांचं मात्र पूर्ण.

मग प्रत्येकाला दुर्बीण हवीच का? तुंबलेलं रक्त पाणथरीतही साचतं, ती फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. डेंगूमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी माहीत आहे, पण तिथे त्या आठवड्यात भरून येतात, इथे वर्षानुवर्षं कमीच राहतात. २००३ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आकड्याला पाणथरीच्या मिलिमीटरमधल्या लांबीनं भागलं. उत्तर ९०९ च्या खाली आलं तर शिरांची शंका घ्यायची. नुसत्या या भागाकारावर विसंबणं पुढे मागे पडलं. २०१५ मध्ये बावेनो गावच्या बैठकीत ठरलं, की पोटात पाणी किंवा कावीळ नसलेल्या रोग्याचा फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर दुर्बीण तूर्त टाळता येते. दोन्ही तपासण्या मात्र दरवर्षी करायच्या.

फायब्रोस्कॅन तालुक्याला सहसा मिळत नाही, ही खरी अडचण. प्लेटलेट आणि पाणथरी मात्र साध्या रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीत असतात, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये! डॉक्टरांना ते आकडे विचारायला लाजायचं कशाला? २०१८ पासून हिपॅटायटिस बी-सीची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, तेही विचारा. आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं आणू नका, तिनंही रक्तस्राव होऊ शकतो.

काकूंची फाइल उघडली. प्लेटलेट ८२ हजार, पाणथरी १५ सेंटिमीटर. मी कागदावर भागाकार केला, साडेपाचशेच्या आत आला. काकूंनी आकडा पाहिला, फाइल पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "सोमवारची पहिली गाडी किती वाजता असते वो?"