ऑनर्सचे चौथे वर्ष कोणासाठी?

महाराष्ट्रातील पदवी शिक्षणाची जुनी घडी आता मोडली आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाची अंमलबजावणी सुरू झाली. तीन वर्षे पुरी करून किमान १२० श्रेयांक मिळवणाऱ्याला नेहमीची पदवी, आणि चौथे वर्षही पुरे करून किमान १६० श्रेयांक मिळवणाऱ्याला ऑनर्सची पदवी, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखून दिलेली ही व्यवस्था आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्यापुढे फाटा येतो. येथे थांबायचे की पुढे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे, असे नियम म्हणतात. परंतु ऊसतोडणी कामगाराच्या मुलापुढचा फाटा आणि प्राध्यापकाच्या किंवा डॉक्टरच्या मुलापुढचा फाटा एकच आहे, असे मानण्याइतका भाबडेपणा निदान चळवळीतील माणसाला परवडणारा नाही.

चळवळीत या विषयावर एक सूर हमखास ऐकू येतो. हे धोरण महासाथीच्या काळात, २९ जुलै २०२० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर करून देशावर लादले. चौथे वर्ष म्हणजे गरिबाच्या खिशावर आणखी एका वर्षाचा बोजा. तेव्हा आपल्या मुलांनी तीन वर्षांत पदवी घेऊन मोकळे व्हावे आणि ऑनर्सच्या नादी लागू नये, असा तो सूर आहे. त्यामागील संताप खरा आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये असाच चार वर्षांचा अभ्यासक्रम घाईने आणला, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी यांनी कडवा विरोध केला आणि जून २०१४ मध्ये तो मागे घ्यावा लागला, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. मात्र त्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम परत आला आणि या वेळी तो टिकला. धोरणाविरुद्धचा लढा धोरणाच्या पातळीवर चालू ठेवणे हे एक काम. पण आज वर्गात बसलेल्या मुलाला 'तू आत जाऊ नकोस' असा सल्ला देणे हे निराळे. हा बहिष्कार सुखवस्तू घरांतील मुले पाळणार नाहीत. तो पाळला जाईल तो फक्त ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याकडून.

चौथ्या वर्षाने नेमके काय मिळते ते पाहिले म्हणजे या सल्ल्याची किंमत कळते. तीन वर्षांची पदवी घेणाऱ्याला पदव्युत्तर पदवीसाठी पूर्वीप्रमाणेच दोन वर्षे द्यावी लागतात. चार वर्षांच्या पदवीधराला ती एका वर्षात मिळू शकते. एकूण वर्षे पाचच. ज्याला पुढे शिकायचेच आहे त्याच्यावर या हिशेबाने बोजा वाढत नाही, आणि चौथे वर्ष गावाजवळच्या महाविद्यालयात झाले तर शहरातील खोलीभाडे आणि खाणावळ यांचे एक वर्ष वाचते. शिवाय २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला पीएच.डी.च्या प्रवेशाचे दार थेट उघडते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग इत्यादींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. उद्याचे प्राध्यापक, संशोधक आणि पाठ्यपुस्तके लिहिणारे बऱ्याच अंशी या वाटेने येणार. ती वाट आज आपणहून सोडून दिली, तर पंधरा वर्षांनी विद्यापीठांत श्रमिकांच्या घरातील माणूस का दिसत नाही, असा लेख पुन्हा कोणाला तरी लिहावा लागेल.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्याचा गाभाही याच जातीचा होता. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, हे त्यांनी राज्यकर्त्यांना तोंडावर सांगितले. त्यांची पहिली मागणी प्राथमिक शिक्षणाची होती, आणि ती योग्यच होती. वरच्या पायऱ्यांवरील हक्क मात्र त्यांनी कोणाला लिहून दिला नव्हता.

नव्या व्यवस्थेतील खरी मेख चौथ्या वर्षात नाही. ती आधीच्या तीन वर्षांत पेरलेली आहे. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर सोडणाऱ्याला पदविका मिळते. त्यासाठी उन्हाळ्यात एक छोटा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण तेवढे पुरे करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते, असे नियमात लिहिले आहे. ऐकायला हे उदार वाटते, आणि ज्याला खरोखर परत यायचे आहे त्याच्या ते उपयोगी पडेलही. परंतु आजवर जो मुलगा बापाच्या आजारपणामुळे दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून बांधकामावर जात असे, त्याला निदान गळती झाली असे म्हटले जाई आणि त्या गळतीची लाज व्यवस्थेला वाटत असे. आता त्याच्या हाती पदविका दिली जाईल आणि नोंदवहीत तो स्वेच्छेने बाहेर पडलेला यशस्वी विद्यार्थी ठरेल. गळतीचे नाव बदलून निवड ठेवले की मंत्रालयातील कोष्टके आपोआप सुधारतात. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. घरात मुलीच्या पुढच्या वर्षाचा विषय निघतो तेव्हा स्थळांचाही निघतो, आणि 'हाती काहीतरी कागद आला ना' हे वाक्य मग बापाला पुरेसे होते.

दुसरी अडचण गुणांची. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत, असा आयोगाचा आराखडा आहे. गणित करून पाहावे. पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत ज्याला सरासरी ६० टक्के मिळाले, त्याला उरलेल्या चार सत्रांत सरासरी साडेब्याऐंशी टक्के मिळवल्यावाचून ही रेषा गाठता येत नाही. आणि पहिले वर्ष कोणाचे चुकते? घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाचे, मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतील विज्ञानाशी झुंजणाऱ्या मुलीचे, सकाळी दूध घालून किंवा रात्री पेट्रोल पंपावर उभे राहून वर्गात येणाऱ्याचे. हे विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत सावरतात, कित्येकदा वर्गात पुढेही जातात. सरासरी मात्र कशालाही क्षमा करीत नाही. ज्यांच्या घरी माहितगार माणसे आहेत त्यांना ही रेषा प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असते. इतरांना ती तिसऱ्या वर्षी, फॉर्म भरण्याच्या खिडकीपाशी कळते.

ऑनर्स या कल्पनेचा इतिहास येथे थोडा आठवावा. अमेरिकेत आज शेकडो विद्यापीठांत जे ऑनर्स कार्यक्रम चालतात त्यांचे एक मूळ पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर या छोट्या महाविद्यालयात आहे. ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेले फ्रँक आयडेलॉट तेथील अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तो सुरू केला. शेवटच्या दोन वर्षांत निवडक विद्यार्थ्यांनी व्याख्याने ऐकत न बसता चारदोन जणांच्या चर्चावर्गात स्वतः लिहून आणलेले निबंध वाचावेत, त्यावर वाद घालावा, आणि अखेरीस बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांना तपासावे, असा तो प्रकार होता. त्यातील 'निवडक' हा शब्द बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: शिक्षकाचा वेळ.

'निवडक' या शब्दाचे काय होते, ते न्यूयॉर्कने दाखवले. तेथील सिटी कॉलेज १८४७ पासून मजुरांच्या आणि स्थलांतरितांच्या मुलांना फुकट शिकवीत आले होते. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये लढा दिला आणि १९७० पासून शहराच्या विद्यापीठाचे दरवाजे माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना खुले झाले. पुढे शहराच्या तिजोरीत खडखडाट झाल्याचे कारण देऊन १९७६ मध्ये त्याच विद्यापीठात शुल्क सुरू झाले. आणि २००१ मध्ये तेथे ऑनर्स कॉलेज निघाले, त्यातील मोजक्या गुणवंतांना शिक्षण पुन्हा विनाशुल्क! जे सर्वांचे होते ते काढून घ्यायचे आणि त्यातला तुकडा थोड्यांना बक्षीस म्हणून परत द्यायचा, ही रीत कोणत्याही देशातील अर्थमंत्र्याला सहज सुचण्याजोगी आहे. महाराष्ट्रात ती येऊ नये यासाठी आताच जागे राहणे आवश्यक आहे. कारण येथील अनेक महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग आधीपासूनच विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. चौथे वर्ष त्यांच्या पंगतीला बसवले गेले, तर ऑनर्स ही विकत घेण्याची वस्तू होईल. पहिली तीन वर्षे ज्या विषयाला अनुदान आहे, त्याच्या चौथ्या वर्षालाही ते मिळालेच पाहिजे आणि शिष्यवृत्ती व वसतिगृहाचा हक्क त्या वर्षीही चालू राहिला पाहिजे, ही मागणी म्हणूनच प्रत्येक विद्यार्थी संघटनेच्या निवेदनात पहिली असावी.

शिक्षकांच्या वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. आराखड्यात संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत आणि तो प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली करावयाचा आहे. हा प्राध्यापक आणायचा कोठून? राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जिवावर. तासाप्रमाणे पैसे घेणारा, एका दिवसात दोन महाविद्यालये गाठणारा, पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही याचीही खात्री नसलेला तरुण शिक्षक कोणाच्या प्रबंधाची जबाबदारी घेणार? या शिक्षकाचा दोष काहीच नाही. त्याच्याच पाठीवर चौथे वर्ष ठेवून वर त्याला ऑनर्स असे भारदस्त नाव देणाऱ्यांचा तो दोष आहे. प्राध्यापकभरतीचा लढा आणि ऑनर्सचा प्रश्न हे दोन वेगळे विषय नव्हेत, हे शिक्षक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी एकत्र बसून लोकांपुढे मांडले पाहिजे.

आणि तोवर काय करावे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह उघडले तेव्हा सरकारी अनुदानाची वाट पाहिली नाही. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि राबून शिकली. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही योजना त्याच अनुभवातून उभी राहिली. आज ही योजना अनेक विद्यापीठांत आहे. तिच्यातील कामाच्या जागा आणि मोबदला वाढवून घेणे आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, त्याच्या विषयाशी नाते असलेले काम मिळवून देणे, ही मंत्रालयापर्यंत न जाताही लढता येईल अशी लढाई आहे.

कार्यकर्त्याला विद्यापीठाच्या आत फारसे काम नाही, हा समजही सोडावा. संशोधन प्रकल्पासाठी विषय शोधताना बहुतेक विद्यार्थी मार्गदर्शकाने सुचवलेला घासून गुळगुळीत झालेला विषय घेतात, कारण दुसरा कोणी त्यांना सुचवीतच नाही. बीडहून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांना मिळणारी उचल आणि मुकादमाचा हिशेब यांवर त्यांच्याच घरातील मुलीने प्रबंध लिहिला, तर त्यात जे येईल ते बाहेरच्या अभ्यासकाला सहजी दिसणारे नाही. इचलकरंजी व मालेगावचे यंत्रमाग आणि सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया हेही असेच विषय आहेत. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेली रोजगार हमी योजना आपल्या गावात कशी चालली, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. आणखी दहा वर्षांनी किती असतील? युनियनच्या कचेरीतील जुने करार, संपाची पत्रके, सभांची इतिवृत्ते कपाटांत वाळवीची वाट पाहत पडली आहेत. ती या विद्यार्थ्यांपुढे उघडावीत. त्यातून चळवळीला अनुकूल तेच निघेल, अशी अट मात्र घालू नये. एखादी मुलगी युनियनच्या चुकाही लिहील. ते छापण्याची तयारी असावी.

बाकीचे काम साध्या माहितीचे आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागतो त्या आठवड्यात तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन ७५ टक्क्यांच्या रेषेचे गणित मुलांना समजावून द्यावे. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष कोणकोणत्या विषयांत चालणार आहे, हे प्राचार्यांना लेखी विचारावे. श्रेयांकांची नोंद ज्या खात्यात होते ते प्रत्येकाने उघडले आहे ना आणि त्यातील नोंद बरोबर आहे ना, ते पाहावे. दुसऱ्या वर्षानंतर जो पदविका घेऊन निघाला त्याचे नाव आणि पत्ता शाखेच्या वहीत लिहून ठेवावा. परत येण्याची त्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती संपण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या घरी जायला हवे.