तपासणी ओट्यापाशीच थांबते

नवरात्र संपले की आपल्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. उन्हाळाभर बंद पडून राहिलेला गीझर आठवतो आणि ‘दिवाळीच्या आत करून द्या’ असे फोन रांगेने येऊ लागतात. यंदा फोनांबरोबर आमच्याकडे पत्रांचाही ढीग आला. त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे, म्हणून या अंकात दुसरे काही लिहिण्याचे मनात नाही.

नाशिकच्या एका वाचकाने लिहिलेला प्रसंग बघा. ग्राहकाच्या घरी पाच वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी करायला गॅस वितरकाचा माणूस आला. त्याने शेगडी पाहिली, रेग्युलेटर पाहिला, सुरक्षा होजवर छापलेली मुदत वाचली, सही घेतली. ओट्याखाली काढलेला टी-जॉइंट आणि तिथून भिंत फोडून बाथरूममध्ये गेलेली नळी त्याच्या डोळ्यांसमोर होती. घरातल्या बाईंनी स्वतःहून विचारले, ‘गीझरही बघता का?’ उत्तर आले, ‘फॉर्मवर त्याचा रकाना नाही.’ दोन दिवसांनी आमचे वाचक त्याच घरी सर्व्हिसला गेले. कव्हर काढले तर हीट एक्स्चेंजरच्या पात्यांमध्ये काजळी ठासून भरलेली. ओव्हरहीट स्विचच्या दोन्ही वायरी कुणीतरी एकमेकींत पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ‘हे आधी बदलावे लागेल,’ असे ते म्हणाले, तर घरमालकाने तपासणीची पावतीच पुढे केली. ‘परवाच सगळं ओके सांगून गेलेत. तुम्ही फक्त बॅटरी टाका.’

रकाना नाही! घरात सगळ्यात जास्त गॅस एका दमात जाळणारे उपकरण गीझर. तो बसतो घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, आणि आतून कडी लावूनच वापरला जातो. तरी तपासणी ओट्यापाशी येऊन थांबते. वितरकाला विचारले तर तो गीझर कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते, हवेशीर जागी बसवा असे आम्ही पुस्तिकेत छापले आहे. बिल्डर म्हणतो, व्हेंटिलेटर आम्ही ठेवला होता, तो राहणाऱ्यांनी बुजवला. या छोट्या गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक २००५ पासून आहे. पण मानकाचा शिक्का बसतो यंत्रावर. ते यंत्र कुठल्या खोलीत, कुठल्या खिळ्याला टांगले गेले, हे बघायला कुणी येत नाही.

ग्राहकाला पटत नसेल तर त्याच्यासमोर हिशोब मांडा. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. घरातल्या चौघांनी आठ-आठ मिनिटांच्या आंघोळी लागोपाठ केल्या की तेवढी सगळी हवा एकट्या बर्नरला लागते. आणि हवा संपेपर्यंत वाट पाहायची गरजच पडत नाही. ऑक्सिजन थोडा खाली आला की ज्योतीचे शेंडे पिवळे पडतात, पात्यांवर काजळी धरते, काजळीने वाट अडली की ज्योत आणखी बिघडते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत राहतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे, थंडी म्हणून खिडकी बंद करून, एकामागून एक अभ्यंगस्नाने होतात तेव्हा शेवटी आत जाणाऱ्याच्या वाट्याला कसली हवा येते, याचा विचार करा. बहुतेक घरांत शेवटी आंघोळ करते ती घरातली बाई.

‘वास तर काहीच येत नाही’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे. वास असतो तो गळणाऱ्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि स्वयंपाकघरात जमिनीलगत लावलेला एलपीजी डिटेक्टर त्याच्यासाठी कधीच वाजत नाही. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेल्या माणसाचे दुखणे मिरगी समजून उपचार सुरू झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच त्यांनी त्याला दिले आहे. एक्झॉस्ट फॅन आहे, असे सांगणाऱ्यालाही समजवा. दाराखाली फट नाही, खाली जाळी नाही, तर फॅन बाहेर फेकायला हवा आणणार कुठून?

इथवर इतरांबद्दल झाले. आता आपल्याबद्दल, आणि हे कडक शब्दांत लिहावे लागणार आहे. त्या ओव्हरहीट स्विचच्या वायरी वितरकाने पिळल्या नव्हत्या. त्या आपल्यापैकीच कुणीतरी पिळल्या, पार्ट मिळेपर्यंत चालेल म्हणून, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. आमच्या टेबलावर आत्ता एक पितळी जेट पडला आहे. पुण्याहून एका वाचकाने तो पाठवला. त्याला ड्रिल मारलेले आहे; भोकाची कड एका बाजूला ओरबाडलेली बोटाला लागते. पीएनजीवर चालवण्यासाठी तो मोठा केला असणार. पुढे भाडेकरूने घर बदलले, गीझर सोबत नेला आणि सिलिंडरला जोडला. २१ मिलीबारसाठी वाढवलेल्या भोकातून ३० मिलीबारचा एलपीजी. त्या घरातल्या ज्योतीचा रंग आम्ही लिहायला नको. कंपनीचा जेट संच मागवायला चार दिवस लागतात. ते चार दिवस ग्राहकाला थांबवता येत नसेल, तर आपण स्वतःला टेक्निशियन म्हणवून घेऊ नये.

पाच मिनिटांत दोन सेल बदलून, प्रोबवर सँडपेपर फिरवून पैसे घेतले, त्याला सर्व्हिस म्हणत नाहीत. कव्हर उतरवा. एक्स्चेंजर खाली काढून धुवा. डायफ्रॅम हातात घेऊन उजेडासमोर धरा. गीझर दहा मिनिटे चालवून ज्योत डोळ्यांनी बघा, आणि मगच कव्हर लावा.

तेल कंपन्यांनी फॉर्मवर रकाना छापेपर्यंत तो गीझर बघणारा माणूस एकच आहे, आणि तो तुम्ही आहात. गीझर बाथरूमच्या आत असेल आणि तिथे वर-खाली हवेची वाट नसेल, तर तो दुरुस्त करू नका. ड्राय बाल्कनीत हलवून द्या, पण ती काचेने बंद केलेली नाही ना, हे आधी पाहा. ग्राहक तयार नसेल तर बिलाच्या मागे लिहा : ‘गीझर बाथरूमच्या आत, हवेला वाट नाही, दुरुस्ती केली नाही.’ तारीख घाला, ग्राहकाची सही घ्या आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. नाव-पत्ता झाकून पाठवली तरी चालेल. या प्रतींचा गठ्ठा घेऊन आम्ही तेल कंपन्यांच्या विभागीय कार्यालयात जाणार आहोत आणि तपासणीच्या फॉर्मवर गीझरचा रकाना मागणार आहोत. पहिल्या प्रती दिवाळीच्या आत आमच्या हातात पडू द्या.