वार्धक्याच्या पुंजीवर डोळा

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न काहीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. योजना स्तुत्य आहे, यात संशय नाही. परंतु गूळ तेथे मुंगळे! कार्ड काढून देतो, जुन्या पॉलिसीचा अडकलेला बोनस सोडवून देतो, आज हप्ता न भरल्यास विमा बुडेल, अशी बतावणी करून भामटे वृद्धांस फोनवर गाठीत आहेत.

नाशिकला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे वीज केंद्र यांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे येथे राहतात. हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी आणि परगावी गेलेली मुले, एवढे भांडवल चोरास पुरेसे असते.

‘ओटीपी कोणास सांगू नका’ असा उपदेश करून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस अपुरी वाटते. खऱ्या नोंदणीतही आधारचा ओटीपी लागू शकतो. मग साव कोण आणि चोर कोण, हे वृद्धाने निव्वळ आवाजावरून ओळखावे कसे? फसलेल्यास लोभी ठरविणे हा तर शुद्ध अन्याय होय. तो रुग्णालयाच्या खर्चास भ्यालेला असतो, आणि कचेरीची आज्ञा मानणे हा त्याच्या आयुष्याचा संस्कार असतो.

कसोटी मात्र साधी आहे. हे कार्ड विनामूल्य मिळते. आणि विमा नियामक प्राधिकरण पॉलिसी विकीत नाही, बोनसही वाटीत नाही. तेव्हा कार्डासाठी पैसे मागणारा किंवा प्राधिकरणाच्या नावाने बोनस देऊ करणारा माणूस खोटाच समजावा. फोन ठेवावा आणि पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारावे.

तथापि सारा भार वृद्धांवर टाकून चालणार नाही. महापालिकेने आपल्या सहाही विभागीय कार्यालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी ठेवून समोरासमोर नोंदणी करावी. मोठी रक्कम अनोळखी खात्यात जाताना बँकेने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आणि घरच्यांनी रागावू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसा वाटेतच अडविता येण्याची आशा असते. बोलणी बसतील या भयाने दडविलेला प्रत्येक तास चोराच्याच पदरात पडतो.