दर्यावर तांडेलाचे ऐकावे

माळव्यातील मराठी माणसाचे समुद्राशी नाते तसे पाहुण्याचेच. आपल्यापैकी अनेक घराण्यांची कुलदैवते कोकणात आहेत. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, हरिहरेश्वर ही नावे आपल्या देवघरांत रोज उच्चारली जातात. तरी समुद्र आपण पाहतो तो वाळूवर उभे राहून, सूर्यास्ताच्या वेळी, हातात नारळपाणी घेऊन. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार ७२० किलोमीटर लांबीचा असून नव्या मोजणीत हा आकडा आणखी वाढला आहे. एवढा किनारा लाभलेल्या समाजाने त्याची ओळख मोटारीच्या खिडकीतूनच करून घ्यावी, हे मला पटत नाही. लहान मोटारबोटीतून, बंदरामागून बंदर घेत, वाटेत गळ टाकत केलेला आठवडाभराचा प्रवास प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याला एक अट आहे आणि ती या लेखाचा खरा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही चार व्यवसायबंधू आणि एका मित्राची दोन शाळकरी मुले हर्णैहून मालवणपर्यंत असे गेलो. सुमारे २०० किलोमीटरचे अंतर आम्ही सहा दिवसांत कापले. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि मालवण असे मुक्काम होते. रोजचा पल्ला १० ते २५ सागरी मैलांचा, म्हणजे तीन-चार तासांचा. पहाटे निघावे, दुपारच्या आत बंदर गाठावे आणि रात्री गावातील एखाद्या घरगुती निवासात झोपावे, असा क्रम होता. प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि विमा असलेली होडी, तिच्यावर स्थानिक तांडेल व एक खलाशी, एवढा सरंजाम पुरेसा झाला.

या प्रवासात पहिली गोष्ट कळते ती ही की रस्त्यावरून दिसणारे कोकण आणि पाण्यावरून दिसणारे कोकण वेगळे आहे. रस्त्याने जाणाऱ्याला खाडी हा अडथळा वाटतो. पूल नसेल तर वळसा पडतो, नाहीतर जंगल जेट्टीच्या रांगेत थांबावे लागते. होडीतून येणाऱ्याला मात्र तीच खाडी दार असते, आणि मग किल्ल्यांचा अर्थही उलगडतो. वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड आणि वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग, असा एकेका दारावर एकेक पहारेकरी उभा आहे. शाळेच्या पुस्तकात पाठ केलेले आंग्र्यांचे आरमार मला खऱ्या अर्थाने समजले ते विजयदुर्गाच्या तटाखालून होडी आत शिरताना. वेळणेश्वर आणि गणपतीपुळे ही देवस्थाने समुद्रावरून पाहिली तेव्हा आपल्या पूर्वजांना ती परतीच्या वाटेवर कशी दिसत असतील, याचीही कल्पना आली.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्याचे घड्याळ. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तेव्हा पाणी शांत असते. दुपारनंतर खारा वारा उठतो आणि लाटा उभ्या राहू लागतात. इंजिन आले तरी कोळ्यांचा दिवस याच वाऱ्यांवर बेतलेला आहे. भरतीचा हिशोबही असाच सोपा आहे. तिथीला पाऊणपट करावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला व पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबई-अलिबागच्या बाजूला हा हिशोब ढोबळमानाने जुळतो. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. हे ज्ञान केवळ शोभेचे नाही. बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून लाटा आल्या तर त्या दांड्यावर फुटतात आणि लहान होडी तेथे उलटू शकते. पंचांग घरोघरी असते, पण त्याचा असा उपयोग प्रथमच पाहिला.

मासेमारीविषयी थोडेसे. आमच्या मंडळातील शाकाहारी सभासदांनी हा परिच्छेद ओलांडून जाण्यास हरकत नाही. चालत्या होडीमागे गळ सोडून सुरमईची वाट पाहणे हा संयमाचा अभ्यास आहे. सहा दिवसांत आम्हाला दोनच मिळाल्या. त्यापेक्षा अधिक मोलाची वाटली ती तांडेलाची एक सवय. बोटभर पिल्लू गळाला लागले की तो ते हळूच सोडवून पाण्यात टाकी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तीही बहुतांशी प्रजननासाठीच. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि लहान आकाराची मासळी पकडण्यावर निर्बंध आले. पिल्लांना वाढू द्यावे, हे बालरोगतज्ज्ञाला कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता त्या अटीकडे वळतो. जयगडला पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आकाश निरभ्र होते. आमच्यातील एका शल्यचिकित्सक मित्राने आजच रत्नागिरी गाठण्याचा आग्रह धरला. तांडेलाने बंदराबाहेरच्या पाण्याकडे एकवार पाहिले आणि मान हलवली. मित्र हट्टाला पेटले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दवाखान्यात तुम्ही सांगता ते आम्ही ऐकतो. इथे माझे ऐका.” आम्ही थांबलो. दुपारी वारा वाढला की नाही हे येथे सांगत नाही, कारण त्याचे म्हणणे योग्य ठरवण्यासाठी वादळ यावे लागत नाही. आपण ज्याला शहाणपण सोपवले आहे त्याने “नाही” म्हटले की तो निर्णय अखेरचा. हीच माझी अट. ज्याला ती पाळता येत नाही त्याने होडीत पाऊल ठेवू नये.

आपल्या व्यवसायाला ही अट जड जाते. दिवसभर आदेश देण्याची सवय जडते, सुट्टीचे दिवस मोजके असतात आणि परतीचे तिकीट काढलेले असते. समुद्राला यातले काहीच ठाऊक नसते. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना ऐन पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी पोहोचण्याची घाई असलेले कितीतरी जण तिच्यावर होते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाने कोकणातील अनेक मच्छीमारांचा बळी घेतला, म्हणजे पावसाळा सरला म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. हवामान खात्याचा इशारा, तांडेलाचा अंदाज आणि आपली इच्छा यांत आपल्या इच्छेचा क्रमांक नेहमी तिसरा असावा.

अटीचा दुसरा भाग मुलांविषयी आहे आणि तेथे मी कोणतीही सवलत देणार नाही. होडीत पाय ठेवण्यापूर्वी मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट असलेच पाहिजे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला चढवले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. बाकाखाली रचून ठेवलेले जॅकेट तर नसल्यासारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते मुकाट्याने, मिनिटा-दोन मिनिटांत पाण्याखाली जाते. बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरून पाणी काढण्याची प्रथा आपल्याकडे अजून आहे. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. प्रथम तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीवर दाब, हे आपण डॉक्टरांनीच लोकांना शिकवायला हवे.

हे सारे केवळ कोकणापुरते नाही. १३ सप्टेंबर २०१९ रोजी भोपाळच्या तलावात गणेश विसर्जनाच्या वेळी ११ तरुण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. दोन्ही ठिकाणी समुद्र नव्हता, वादळही नव्हते. आपण दर हिवाळ्यात महेश्वरला, ओंकारेश्वरला जातो आणि नर्मदामैयाच्या भरवशावर लेकरांना होडीत बसवतो. मैया दयाळू आहे, परंतु तिच्या दयेवर जबाबदारी टाकून मोकळे होणे ही भक्ती नव्हे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, मंडळाने निरनिराळ्या मापांची वीस-पंचवीस लाइफ जॅकेटे विकत घ्यावीत आणि महेश्वरच्या सहलीसह प्रत्येक जलसहलीत ती वापरावीत. डॉक्टरांची मुले जॅकेट घालून बसलेली दिसली तर शेजारच्या होडीतील पालकही नावाड्याकडे ते मागतील. दुसरी, ज्यांना हौस आहे त्यांनी आधी पोहणे शिकावे आणि मग डिसेंबर-जानेवारीत कोकणची वाट धरावी. सोबत पिण्याचे भरपूर पाणी, मळमळीची गोळी, ओळखपत्रे आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असू द्यावा. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील अतिरेकी सागरी मार्गाने आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर परक्या होडीची चौकशी होते आणि ती होणे योग्यच आहे. इंधनाचे तीन भाग करावेत, एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक कधीही न मोजण्यासाठी. शल्यचिकित्सकांना मज्जाव नाही, मात्र तांडेलाचे ऐकण्याची तयारी हवी.