कात्रीची आतली बाजू
कात्री सुरीप्रमाणे चिरत नाही. एकमेकांना घासत जाणारी तिची दोन पाती कापडाला विरुद्ध दिशांनी दाबून तोडतात, या क्रियेला कर्तन म्हणतात, आणि म्हणूनच पाती जोडणारा स्क्रू ढिला पडला की धारदार कात्रीही कापड नुसते दुमडून घेते. स्क्रू आवळणे हा पहिला उपचार होय आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो. तो न पुरल्यास प्रत्येक पात्याचा केवळ बाहेरचा उतार, म्हणजे धारेलगतची अरुंद तिरपी पट्टी, मूळ कोन राखून ओल्या कुरुंदाच्या दगडावर घासावी. हा उतार सुरीच्या धारेपेक्षा बराच उभा असतो. आतली बाजू मात्र किंचित पोकळ घडवलेली असते, जेणेकरून पाती मिटताना एका वेळी एकाच बिंदूपाशी भेटावीत. ती घासून सपाट करणे म्हणजे कात्री कायमची बिघडवणे. मेरठच्या ज्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती भंगारातल्या पोलादापासून घडवली जाते आणि वारंवार धार लावून वापरण्यासाठीच असते. बोथट झाली म्हणून अशी कात्री टाकणे हा कारागिराच्या श्रमाचा अपमान आहे. कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही, हा घरोघरच्या आयांचा कडक कायदाही शास्त्रशुद्धच ठरतो, कारण कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खडू आणि चिनी मातीची पूड मिसळलेली असते, आणि तीच धार खाते.