बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

तारिहाळपासून बेलूरपर्यंत हुबळी-धारवाडच्या औद्योगिक वसाहतींत पोलादी शेड आणि गोदामे उभी राहत आहेत आणि त्यांचा सगळा भार अखेर सांध्यांतल्या नट-बोल्टांवर येतो. तुळया आणि खांब घेताना घासाघीस होते, वजनकाट्याच्या पावत्या जपल्या जातात. बोल्ट मात्र बहुधा किलोच्या भावाने, किरकोळ मालासोबत, एका ओळीच्या बिलावर येतात. ते कोणत्या कारखान्यात, कोणत्या पोलादातून घडले आणि कोणी तपासले, याचा कागद मागणारा गिऱ्हाईक विरळाच. ही बेफिकिरी फार जुनी आहे आणि तिची किंमतही वेळोवेळी मोजली गेली आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला पौतवाध्यक्ष दर चार महिन्यांनी वजने-मापे तपासून त्यांवर मुद्रा उठवीत असे. मुद्रेविना वजन वापरणाऱ्यास दंड होता. जे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, त्याबाबत विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता तिऱ्हाईताची खूण त्या वस्तूवरच असावी, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे. यंत्रयुगाला ते नव्याने शिकावे लागले.

स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेपूल फेब्रुवारी १८७८ मध्ये सरकारी निरीक्षकाने वाहतुकीस योग्य ठरवला आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री त्याचा मधला भाग गाडीसकट नदीत कोसळला. एकही उतारू वाचला नाही. चौकशीत जे उघड झाले ते आजच्या प्रत्येक खरेदीदाराने वाचावे असे आहे. ओतीव खांबांतली छिद्रे मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या लगद्याने बुजवली होती. ताणपट्ट्यांच्या बोल्टांसाठीची भोके वर्म्याने न पाडता साच्यातच ओतल्याने निमुळती झाली होती, त्यामुळे बोल्ट भोकात सरळ न बसता एका कडेवर टेकत. ताणपट्ट्या सैल होऊन खडखडत असल्याचे देखरेखीवरच्या माणसाने ऐकले होते, पण तो वीटकामातला जाणकार होता. त्याने लोखंडाचे तुकडे ठोकून आवाज बंद केला आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्याला कळवलेही नाही. मंजुरीचा कागद होता, पण त्या कागदाचा आणि ओतशाळेतल्या लोखंडाचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्याच दशकात हुबळीत तिचा कारखाना उभा राहिला. तेव्हाचे पूल रिव्हेटचे, आणि रिव्हेटचा गुण जागेवरच घडे: लालबुंद रिव्हेट भोकात घालून ठोकताना टोळी समोर असे, थंड झाल्यावर तपासनीस हातोडी मारून आवाजावरून सैल रिव्हेट ओळखी. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूलही रिव्हेटचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर उच्च-ताण बोल्टांनी ती जागा घेतली; अमेरिकेत त्यांच्या वापराचे पहिले नियम १९५१ मध्ये आले. त्या बदलाचा अर्थ मात्र बांधकाम व्यवसायाने अजून पुरता ओळखलेला नाही. बोल्टचे बळ दूरच्या भट्टीत, उष्णता-प्रक्रियेत ठरते; जागेवर हातोडी मारून ते ऐकू येत नाही. पूर्वी जी साक्ष कान देत, ती आता कागदाने द्यायची आहे.

वीस मिलिमीटरचे दोन बोल्ट शेजारी ठेवून पाहावेत. एकाच्या डोक्यावर ४.६, दुसऱ्याच्या ८.८. आटे तेच, षट्कोन तोच, रंगही तोच असू शकतो. पहिला सुमारे दहा टन ओढीला तुटतो, दुसरा सुमारे वीस टनांना. ८.८ मधला पहिला आकडा चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणशक्ती सांगतो आणि दुसरा सांगतो की तिच्या आठ दशांश भारापर्यंत बोल्ट कायमचा लांबणार नाही. खुणेशिवाय हा फरक हाताला कळत नाही, आणि खूणही खोटी असू शकते: १९८० च्या दशकात अमेरिकेत वरच्या प्रतीची खूण उठवलेले हलके बोल्ट इतके पसरले, की १९९० मध्ये तेथील संसदेला फक्त बोल्टांच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्र सरकारने नट-बोल्टांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, म्हणजे रोग इथेही ओळखला गेला आहे.

कागद असूनही घात होतो, हेही सांगितले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर २०१३ मध्ये ९६ जाड नांगर-सळयांपैकी ३२ ताण दिल्यावर काही दिवसांतच तुटल्या. अतिकठीण पोलादात हायड्रोजन शिरल्याने ते ठिसूळ झाले होते. खरेदीच्या वेळी जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचे उत्तर प्रमाणपत्रात कसे सापडणार?

आपल्या भागातले दाखले ताजे आहेत. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीसह वापरास योग्य ठरला होता. पाचच दिवसांनी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून १९ जण दगावले. ती काँक्रीटची होती, बोल्टांची नव्हे; पण ज्या शहराने ढिगाऱ्याखालून माणसे काढली, त्याने तरी साहित्याचा दाखला मागायला शिकायला हवे होते. आणि मालवण: राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी पडला. त्याआधी सहा दिवस, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून सांध्यांतले नट-बोल्ट गंजल्याचे कळवले होते. टेच्या काठावर खडखडाट ऐकूनही कळवले गेले नाही. मालवणात कळवले, पण खाऱ्या वाऱ्यात टिकणाऱ्या बोल्टांचा विचार पुतळा उभा करण्याआधी व्हायचा, तो आठ महिन्यांनी पत्रातून झाला. ज्या राजाने सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतवले असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच्याच पुतळ्याचे हे झाले, याची बोचणी लागली पाहिजे.

दाखला जपणे आपल्याला जमत नाही, असे हुबळीने तरी म्हणू नये. स्वतंत्र भारताने पहिले मानक ठरवले ते राष्ट्रध्वजाचे, आणि त्या मानकाबरहुकूम खादीचा ध्वज इथल्या बेंगेरीत तयार होतो. त्याचे सूत, वीण, रंग, माप, शिवण सगळे तपासले जाते आणि उणे ठरलेला माल बाजूला काढला जातो. कापडाच्या बाबतीत जी शिस्त आपण दाखवतो, ती माणसांच्या डोक्यावरचे छप्पर धरणाऱ्या बोल्टांना का मिळू नये?

म्हणून इथल्या शेडमालकांना, फॅब्रिकेटरांना आणि महापालिकेच्या अभियंत्यांना विनंती आहे. खरेदीच्या आदेशातच भारतीय मानकाचा क्रमांक, बोल्टचा वर्ग, त्याला जुळणारा नट आणि वॉशर लिहा. प्रमाणपत्रावर हीट नंबर, लॉट नंबर आणि कठीणपणा, ताण व भार यांच्या चाचण्यांचे आकडे मागा. तोच लॉट नंबर पेटीवर आहे की नाही आणि उत्पादकाची खूण बोल्टच्या डोक्यावर आहे की नाही, हे माल उतरवतानाच पाहा. प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट स्वतः निवडून प्रयोगशाळेत तोडून घ्या आणि अहवाल इमारतीच्या नकाशांसोबत ठेवा. कागद आणि पेटी जुळली नाही, तर गाडी फाटकावरूनच परत पाठवा.