अश्वगंधेमुळे खरंच शांत झोप लागते का? झोपेच्या गमीज, कॅप्सूल आणि ‘हर्बल म्हणजे सेफ’ या दाव्यात किती तथ्य?

रात्रीचे दीड वाजलेत. झोप येत नाही म्हणून हातात मोबाईल आहे आणि मोबाईलवर झोप आणणाऱ्या गोळीचीच जाहिरात सुरू आहे. ‘झोपण्याआधी दोन गमीज खा, गाढ झोप लागेल. पूर्णपणे नैसर्गिक, सवय लागत नाही, साईड इफेक्ट नाहीत’, अशा धाटणीच्या रील्स एकदा पाहिल्या की नंतर त्या पाठ सोडत नाहीत.

या उत्पादनांमध्ये सर्वांत जास्त दिसणारं नाव म्हणजे अश्वगंधा. सोबत तगर, जटामांसी, ब्राह्मी, कॅमोमाईल आणि बऱ्याचदा मेलाटोनिन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची अनेकांना भीती वाटते. त्यामुळे ‘आपलं आयुर्वेदिकच बरं’ म्हणत ही उत्पादनं थेट कार्टमध्ये जातात.

पण यांनी झोप खरंच सुधारते का? ती कितपत सुरक्षित आहेत? आणि पाकिटावरच्या दाव्यांवर नेमकं कोणाचं लक्ष असतं?

अश्वगंधा ही झोपेची वनस्पती आहे का?

अश्वगंधेचं शास्त्रीय नाव ‘विथानिया सोम्निफेरा’. यातल्या ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘झोप आणणारी’ असा आहे. मराठीत तिला आस्कंद असंही म्हणतात. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर भागात तिची मोठ्या प्रमाणावर शेती होते.

आयुर्वेदात मात्र अश्वगंधेची मुख्य ओळख झोपेचं औषध अशी नाही. चरकसंहितेत ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे ताकद आणि शरीराचं पोषण वाढवणाऱ्या वनस्पतींच्या गटात येते.

झोपेला आयुर्वेदात मोठं स्थान आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. झोप येत नसेल तर अंगाला तेल लावणं, स्नान, म्हशीचं दूध, मनाला स्वस्थ वाटेल असं वातावरण, असे उपाय चरकसंहिता सांगते. म्हणजे भर दिनचर्येवर आहे. दिनचर्या तशीच ठेवून रात्री एक कॅप्सूल घ्यायची, ही कल्पना बरीच अलीकडची आहे.

संशोधन काय सांगतं?

अश्वगंधेवर काहीच संशोधन झालेलं नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल. 2019 मध्ये नवी मुंबईतल्या संशोधकांनी निद्रानाश असलेल्या 60 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला अश्वगंधेच्या मुळाचा 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, 10 आठवडे देण्यात आला. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. अर्क घेणाऱ्यांना झोप लागायला तुलनेने कमी वेळ लागला.

2021 मध्ये अशा 5 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात एकूण 400 जण होते. निष्कर्ष असा, की अश्वगंधेच्या अर्काने झोपेत सुधारणा दिसते, पण ती लहान आहे. ज्यांना मुळात निद्रानाश होता, ज्यांनी दिवसाला 600 मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क घेतला आणि किमान 8 आठवडे घेतला, त्यांच्यात ती अधिक स्पष्ट होती.

इथेच जाहिरात आणि संशोधन यांच्यातला फरक लक्षात येतो. जाहिरात सांगते, ‘आज रात्रीच झोपाल’. अभ्यासात मात्र फरक दिसला तो रोज, ठरावीक मात्रेत, दोन महिने घेतल्यावर.

दुसरा मुद्दा अभ्यासांच्या आकाराचा. 400 जण हा आकडा औषधांच्या चाचण्यांच्या मानाने छोटा आहे. बहुतेक अभ्यास भारतातच झालेत आणि काहींना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचं पाठबळ होतं. त्यामुळे निकाल खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्र आणि मोठ्या अभ्यासांची गरज उरते.

तिसरा मुद्दा प्लासिबोचा. ‘मी झोपेची गोळी घेतली आहे’ या विश्वासानेच अनेकांना बरी झोप लागते. म्हणून ‘मला तर फरक पडला’ हा रीलखालचा कॉमेंट खरा असू शकतो, पण तो पुरावा ठरत नाही.

तगर, मेलाटोनिन आणि आजीचं जायफळ

परदेशात झोपेसाठी सर्वांत जास्त विकली जाणारी वनस्पती म्हणजे व्हॅलेरियन. आपल्याकडची तगर तिच्याच कुळातली. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संस्थेने 2017 मध्ये निद्रानाशाच्या उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रौढांच्या निद्रानाशासाठी व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन दोन्ही वापरू नयेत, असं सुचवलं आहे. कारण पुरावा कमकुवत आहे.

जटामांसीचा प्रश्न वेगळा आहे. हिमालयात उगवणारी ही वनस्पती जागतिक यादीत ‘अत्यंत धोक्यात’ आलेल्या प्रजातींमध्ये आहे. मागणी वाढली की जंगलातून ती उपटण्याचं प्रमाणही वाढतं.

मेलाटोनिन तर वनस्पतीही नाही. ते मेंदूतल्या ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवणारं हार्मोन आहे. शरीराला ‘रात्र झाली’ असा निरोप देणं हे त्याचं काम. त्यामुळे विमानप्रवासात वेळेचं गणित बिघडतं तेव्हा त्याचा उपयोग होऊ शकतो. पण डोक्यात ईएमआयची चिंता असेल, तर त्यावर ते चालेलच असं नाही. ब्रिटनमध्ये मेलाटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत मात्र ते सप्लिमेंट म्हणून खुलेआम विकलं जातं.

त्याचा परिणाम 2023 मध्ये समोर आला. अमेरिकेत मेलाटोनिनच्या 25 गमीज तपासल्या गेल्या, तेव्हा त्यापैकी 22 उत्पादनांवरचा मजकूर चुकीचा निघाला. प्रत्यक्ष प्रमाण छापलेल्या प्रमाणाच्या 74 टक्क्यांपासून 347 टक्क्यांपर्यंत होतं. एका उत्पादनात तर मेलाटोनिन सापडलंच नाही.

आणि घरचं जायफळ? दुधात चिमूटभर जायफळ किंवा सहाणेवर उगाळलेले एक-दोन वेढे, ही अनेक मराठी घरांतली जुनी पद्धत. हे प्रमाण अगदी कमी असतं. पण ‘थोड्याने झोप येते, तर जास्तीने जास्त येईल’ हा हिशोब इथे चालत नाही. जायफळ चमचाभर पोटात गेलं, तर धडधड, उलट्या आणि भास होण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. लहान मुलांच्या बाबतीत तर अंदाजपंचे काहीच देऊ नये.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असतं का?

अभ्यासांमध्ये साधारण 3 महिन्यांपर्यंत अश्वगंधा घेणाऱ्या बहुतेकांना मोठा त्रास झालेला नाही. पोट बिघडणं, मळमळ, दिवसा सुस्ती अशा तक्रारी दिसतात. त्यापुढे वर्षानुवर्षं घेतल्यास काय होतं, याची पुरेशी माहिती नाही.

मात्र काही जणांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत. 2023 मध्ये भारतातल्या यकृततज्ज्ञांनीही अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांचं यकृत आधीच आजारी होतं, त्यांच्यात हा त्रास गंभीर झाला आणि काहींचा मृत्यू झाला. साधारण 2 ते 12 आठवड्यांत कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी अशी लक्षणं दिसू लागतात. सप्लिमेंट बंद केल्यावर बहुतेक जण बरे होतात.

असा त्रास दुर्मीळ आहे. पण अडचण ही, की कावीळ झालेला माणूस डॉक्टरांना ‘कोणतंही औषध घेत नाही’ असंच सांगतो. कारण गमी हे औषध आहे, असं त्याला वाटतच नाही.

गरोदरपणात अश्वगंधा टाळावी, असं सांगितलं जातं. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब, झोप किंवा फिट्सची औषधं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांमध्येही तिचा त्या औषधांशी संबंध येऊ शकतो.

हार्मोन्सवरचा परिणाम आणि गर्भपाताची शक्यता या मुद्द्यांवर डेन्मार्कमधल्या संशोधन संस्थेने 2020 मध्ये अहवाल दिला आणि 2023 मध्ये त्या देशाने अश्वगंधेवर बंदी घातली. भारतातल्या अभ्यासकांनी आणि उत्पादकांनी त्या अहवालावर आक्षेप घेतले आहेत. मूळ आणि पानं यांत फरक केला जात नाही, हा त्यातला एक आक्षेप.

हा फरक महत्त्वाचा आहे. परंपरेने अश्वगंधेचं मूळ वापरतात. पण पानं स्वस्त पडतात आणि अर्कात ती मिसळता येतात. आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये उत्पादकांनी पानं वापरू नयेत, अशी सूचना काढली होती.

एकच अश्वगंधा, दोन परवाने

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांत अश्वगंधाच असली, तरी कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात.

पहिला डबा आयुर्वेदिक औषधाचा. त्याला 1940 च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली परवाना लागतो. दुसरा डबा हेल्थ सप्लिमेंट किंवा न्यूट्रास्युटिकलचा. तो अन्नपदार्थ मानला जातो आणि एफएसएसएआयच्या नियमांखाली येतो. त्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते.

म्हणजे जाहिरातीत जी गमी निद्रानाशावरचा उपाय वाटते, तिच्याच पाकिटावर बारीक अक्षरात ‘हे औषध नाही’ असं लिहिलेलं असू शकतं.

जाहिरातींच्या नियमांचीही ओढाताण झाली आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी घेणं बंधनकारक करणारा नियम 170 हा 2018 मध्ये आला. जुलै 2024 मध्ये केंद्राने तो वगळला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने ते प्रकरण बंद केलं आणि स्थगितीही उठली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर इतर कायद्यांखाली कारवाई होऊ शकते, पण ती जाहिरात लोकांपर्यंत पोहोचल्यानंतर.

इन्फ्लुएन्सर्ससाठी ऑगस्ट 2023 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगायची आणि इतरांनी हा व्यावसायिक वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करायचं. पुढची झोपेची रील पाहताना एवढं तपासता येईल.

मग झोप येत नसेल तर करायचं काय?

आधी झोप का येत नाही, हे शोधायचं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या, ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं असू शकतात. त्यावर कोणतीही गमी चालत नाही. नैराश्य, चिंता, थायरॉईडचा त्रास, रात्रपाळी, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू, अशी कारणंही असतात. वर्षभर गमीज बदलत राहिल्याने पैसे तर जातातच, पण मूळ आजार ओळखायलाही उशीर होतो.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सीबीटी-आय या पद्धतीची शिफारस करतात. ही समुपदेशनाची पद्धत आहे आणि बहुधा काही आठवड्यांच्या सत्रांत पूर्ण होते.

त्यातली तत्त्वं सोपी आहेत. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचं. साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या जागी शांत बसायचं आणि पुन्हा झोप आली की परतायचं. अंथरुणात पडून फोन नाही. यामुळे ‘अंथरूण म्हणजे तळमळ’ हे मेंदूत बसलेलं समीकरण हळूहळू मोडतं.

हे ऐकायला कंटाळवाणं आहे आणि याची जाहिरातही होत नाही. त्यातून प्रशिक्षित समुपदेशक सगळीकडे नाहीत, त्यामुळे गमीला मैदान मोकळं मिळतं. झोपेसोबत मनाचा त्रास असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाईनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. तिथे मराठीतही मदत मिळते.

तरीही घ्यायचीच असेल तर?

- पाकिटावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे की एफएसएसएआयचा क्रमांक, ते पाहा. दोन्ही नसतील तर घेऊ नका.
- मूळ की पान, चूर्ण की अर्क आणि एका मात्रेत किती मिलिग्रॅम, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. फक्त ‘खास मिश्रण’ लिहून प्रमाण लपवलं असेल, तर सावध व्हा.
- एका वेळी एकच उत्पादन घ्या. म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला, ते कळेल.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेऊ नका.
- यकृताचा आजार, गरोदरपण किंवा रोजची औषधं सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा.
- डोळे पिवळे होणं, खाज, गडद लघवी दिसली तर लगेच बंद करा. डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत न्या.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडत असेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर तो जुनाट निद्रानाश मानला जातो. त्या टप्प्यावर पुढची ऑर्डर देण्याआधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलेली बरी.